यंत्रसेनापतीचे कान



वसंत व्याख्यानमालेच्या व्यासपीठावरून इतिहास, वाङ्मय, धर्म आणि अर्थकारण यांवर बोलण्याचा प्रघात आहे. त्या पंक्तीत संगणकावरील लढाईच्या खेळाचे पान मांडलेले पाहून काही श्रोत्यांच्या भुवया वर गेल्या असतील, तर त्यात नवल नाही. ज्या खेळापायी घरातला मुलगा वाढलेले ताट निवत ठेवतो, त्या खेळावरचे व्याख्यान ऐकायला आपण उन्हाळ्याची संध्याकाळ का खर्चावी, असे कोणी विचारले तर तो प्रश्न रास्तच म्हटला पाहिजे.

आमचे उत्तर असे आहे. या खेळांत माणसासमोर यंत्राचा सेनापती उभा राहतो. तो काय ऐकतो, कसे ऐकतो आणि ऐकल्यावर केव्हा हालचाल करतो, याची एक स्वतंत्र विद्या तयार झाली आहे. इकडे आपल्या रोजच्या व्यवहारातही यंत्रे कान देऊन बसली आहेत. बँकेत पैसे काढले की यंत्राला कळते आणि कधी कधी ते कार्ड अडवूनही ठेवते. तेव्हा यंत्र ऐकते म्हणजे नेमके काय करते, हे नागरिकाला ठाऊक असणे जरूर आहे. ते शिकायला खेळासारखी दुसरी शाळा नाही. कारण तेथे यंत्र चुकले तर फार तर एक डाव जातो, आणि का चुकले हे स्वच्छ दिसते.

बुद्धिबळाचा पट आपणां सर्वांच्या परिचयाचा आहे. तेथे दोन्ही पक्षांना सारा पट दिसतो, आणि एकाची खेळी झाल्यावाचून दुसऱ्याला मोहऱ्याला हात लावता येत नाही. संगणकावरील रणखेळाची तऱ्हा निराळी. १९९८ साली अमेरिकेतील ब्लिझार्ड कंपनीने ‘स्टारक्राफ्ट’ नावाचा खेळ प्रसिद्ध केला. त्यात खनिजे खणायची, त्यांच्या बळावर कारखाने उभारायचे, फौज घडवायची आणि शत्रूचा तळ मोडायचा. येथे पाळी कोणाचीच नसते. दोघेही एकाच वेळी खेळत असतात. सर्वांत जलद गतीवर खेळ चालू असता सेकंदाला सुमारे २४ फ्रेम पडतात, म्हणजे तेवढ्या वेळा हे इवलेसे जग एकेक पाऊल पुढे सरकते. शिवाय आपले शिपाई जेथवर पाहतील तेवढाच मुलूख दिसतो. त्यापलीकडे धुके.

आता समजा, अशा खेळात आपल्या बाजूने लढणारी आज्ञावली आपणांस लिहायची आहे. पहिलाच प्रश्न उभा राहतो : जगात काय घडले हे तिला कळायचे कसे? याला दोन मार्ग आहेत. एक रखवालदाराचा आणि दुसरा घंटेचा.

रखवालदाराचा मार्ग पाहायचा तर १९९९ सालचा ‘एज ऑफ एम्पायर्स’ या खेळाचा दुसरा भाग घ्यावा. त्यातला यंत्रसेनापती नियमांच्या वहीवर चालतो. प्रत्येक नियमात आधी अटी, मग बाण आणि बाणापुढे कृती. गावकरी तयार करता येत असेल, तर तयार कर. घर हवे असेल आणि बांधण्याची ऐपत असेल, तर बांध. यंत्र ही वही वरपासून खालपर्यंत वाचते आणि संपली की पुन्हा पहिल्या पानावर येते. रात्रभर गस्त घालणारा रखवालदार जसा प्रत्येक दाराचे कुलूप हलवून पाहतो, तसेच हे. जे काम एकदाच करायचे, त्या नियमाखाली ‘यापुढे हा नियम रद्द’ अशी आज्ञाही लिहून ठेवावी लागते. नाही तर पुढच्या फेरीत यंत्र तेच काम पुन्हा करते, त्याच्या पुढच्या फेरीत पुन्हा.

घंटेचा मार्ग याच्या उलट. २००२ साली आलेल्या ‘वॉरक्राफ्ट’ खेळाच्या तिसऱ्या भागात नवे नकाशे रचण्याचे साधन खेळाबरोबरच दिलेले होते. त्यात प्रत्येक योजनेचे तीन भाग असत : घटना, अट आणि कृती. एखादा शिपाई मेला, ही घटना. तो शत्रूपक्षाचा होता काय, ही अट. असल्यास मारणाऱ्याला सोने द्यावे, ही कृती. येथे कोणी फेऱ्या मारीत नाही. घटना घडली की खेळ स्वतःच हाक मारतो. या साधनाच्या जोरावर हौशी मंडळींनी नवनवे खेळ रचले, आणि पुढे जगभर गाजलेला ‘डोटा’ हा खेळ अशाच एका नकाशातून वाढला.

घंटेच्या मार्गाचा लाभ काय, हे महाराष्ट्रातल्या श्रोत्यांना फार सांगायला नको. १६६० साली घोडखिंडीत बाजीप्रभू लढत होते, तेव्हा विशाळगडावरच्या तोफांचे बार ही खूण ठरलेली होती, असे परंपरा सांगते. खूण ठरलेली होती म्हणूनच घडोघडी गडाकडे नजर वळवण्याची गरज नव्हती; सारे लक्ष खिंडीवर ठेवता येत होते. वार्ता आपणहून येईल असा भरवसा असला, की हातातल्या कामाला पुरे मन देता येते.

या व्यवस्थेला इंग्रजीत ‘हुक’ म्हणतात. आम्ही तिला खुंटी म्हणू. घर बांधणारा भिंतीत खुंट्या ठोकून ठेवतो आणि राहणारा त्यांवर आपला अंगरखा टांगतो. तसेच खेळाचा कर्ता जागोजागी खुंट्या ठोकतो : डाव सुरू झाला, फ्रेम पुढे सरकली, शत्रूचा शिपाई दिसला, आपली इमारत पुरी झाली, कोणी मारला गेला, डाव संपला. आज्ञावली लिहिणारा प्रत्येक खुंटीवर आपल्या सूचना टांगतो. ती घटना घडताच खेळ त्या सूचना वाचतो. जेथे कर्त्याने खुंटीच ठोकली नाही, तेथे राहणाऱ्याचा अंगरखा हातातच राहतो.

‘स्टारक्राफ्ट’ला अशा खुंट्या मूळ कंपनीने दिलेल्या नव्हत्या. २००९ च्या सुमारास हौशी आज्ञावलीकारांनी ‘बीडब्ल्यूएपीआय’ नावाचे साधन तयार करून त्या बसवल्या. लगेच विद्यापीठांतील संशोधकांचे लक्ष तिकडे गेले. एआयआयडीई या परिषदेने २०१० साली यंत्रायंत्रांची स्पर्धा भरवली आणि तीत बर्कली येथील ‘ओव्हरमाइंड’ विजयी झाला. तेव्हापासून विद्यार्थ्यांच्या कित्येक पिढ्या या खुंट्यांवर आपली बुद्धी टांगून पाहत आल्या आहेत. त्यांच्या अनुभवातून जे निघते, त्यातील चार गोष्टी आज आपल्यापुढे ठेवायच्या आहेत.

पहिली गोष्ट ही, की वार्तेचा अर्थ वार्ता देणारा ठरवतो, ऐकणारा नव्हे. बीडब्ल्यूएपीआयमध्ये ‘घटक निर्माण झाला’ अशा अर्थाची एक खुंटी आहे. नवशिक्याला वाटते, येथे आपली वही टांगली की आपल्या साऱ्या सैन्याची जन्मनोंद आपोआप होईल. परंतु ‘स्टारक्राफ्ट’मध्ये झर्ग नावाची एक जात आहे. तिचे शिपाई कारखान्यातून बाहेर पडत नाहीत. अळीचे अंडे होते आणि अंड्यातून शिपाई निघतो. खेळाच्या हिशेबी हा जन्म नव्हे, रूपांतर. तसेच वायूच्या झऱ्यावर इमारत उभी केली, तर खेळ मानतो की झऱ्याचेच इमारतीत रूपांतर झाले. या दोन्ही गोष्टी निर्मितीच्या खुंटीवर वाजत नाहीत. त्यांच्यासाठी रूपांतराची वेगळी खुंटी आहे. जो केवळ नावावर विसंबला, त्याच्या वहीत झर्गांची फौज जवळजवळ जन्मतच नाही. खेळ खोटे बोललेला नसतो. ‘निर्माण’ या शब्दाचा त्याचा अर्थ आणि आपला अर्थ वेगळा असतो, इतकेच. म्हणून जाणता आज्ञावलीकार आधी प्रत्येक खुंटी केव्हा वाजते आणि केव्हा वाजत नाही, याची परीक्षा घेतो आणि मगच तिच्यावर भार टाकतो.

दुसरी गोष्ट : वार्ता ऐकण्याची जागा ही विचार करण्याची जागा नव्हे. खुंटीवरच्या सूचना वाचून होईपर्यंत खेळ थांबून राहतो. एक शिपाई पडला म्हणून तेथेच साऱ्या युद्धाचा आराखडा नव्याने मांडायला बसलो, तर फ्रेम अडते. म्हणूनच अल्बर्टा विद्यापीठात भरलेल्या स्पर्धांत काळाची कडक बंधने होती. ५५ मिलिसेकंदांपेक्षा जास्त वेळ घेणाऱ्या फ्रेमची संख्या ३२० वर गेली, किंवा एकच फ्रेम दहा सेकंद अडली, तर डाव गमावला. तेव्हा चांगला यंत्रसेनापती वार्ता येताच ती वहीत टिपून घेतो, आणि ठरलेल्या वेळी वही उघडून निर्णय करतो. जासुदाने निरोप आणला म्हणून दरबार मोडून कोणी घोड्यावर बसत नाही; आधी निरोप कारकुनाकडे जातो.

‘ओपन टीटीडी’ नावाच्या वाहतूक व्यवसायाच्या खेळात तर ही शिस्त रचनेतच आहे. २००९ सालापासून त्यात यंत्रव्यापारी लिहिण्याची सोय झाली. तेथे घटना हाक मारीत नाहीत. टपालपेटीत पत्रासारख्या पडून राहतात. गाडीला अपघात झाला, कारखाना बंद पडणार आहे, अमुक मार्गासाठी अनुदान मिळेल. व्यापाऱ्याने सवडीने पेटी उघडावी. त्याला एका क्षणात साधारणपणे १०,००० सूक्ष्म आज्ञांपुरतेच काम करता येते. त्यानंतर त्याला थांबवून इतरांना संधी दिली जाते. यात खेळ अडत नाही, हा मोठा लाभ. पण दुसरा धोका येतो. पत्र वाचेपर्यंत जग बदललेले असते. अनुदान दुसऱ्याने पटकावलेले असते, ज्या गाडीविषयी पत्र आले ती विकलीही गेलेली असते. म्हणून पत्र वाचल्यावर कृतीपूर्वी एकदा विचारून घ्यावे लागते : ही गोष्ट अजून खरी आहे ना?

तिसरी गोष्ट आम्हांला सर्वांत महत्त्वाची वाटते. घंटा जे घडले ते सांगते. जे घडले नाही ते सांगत नाही. शत्रूचा शिपाई धुक्यात शिरला की ‘दिसेनासा झाला’ एवढी वार्ता येते, आणि मग शांतता. तो तेथेच उभा आहे, मागून वळसा घालतो आहे की धुक्यातच मरून पडला, याचा एक शब्द कानी येत नाही. त्याच्याविषयी खेळाला काही विचारावे तर उत्तरही मिळत नाही. आपणच त्याची शेवटची जागा आणि वेळ लिहून ठेवायची, आणि दिवस जातील तसा त्या नोंदीवरचा विश्वास कमी करीत जायचे.

परक्याचे सोडा, आपल्याच घरातली गोष्ट घ्या. बीडब्ल्यूएपीआयमध्ये ‘मजूर रिकामा झाला’ अशी खुंटी नाही. ‘स्प्रिंग’ या नावाने चालणाऱ्या दुसऱ्या एका रणखेळाच्या साधनात ती आहे, येथे नाही. मजूर खाणीशेजारी हात बांधून उभा राहिला तरी कोणी घंटा वाजवीत नाही. त्यामुळे बीडब्ल्यूएपीआयबरोबर नवशिक्यांसाठी जी नमुन्याची आज्ञावली मिळते, तिच्यात रखवालदार पुन्हा दारात येतो. ती ठराविक फ्रेमनंतर सर्व मजुरांवरून फिरते आणि प्रत्येकाला विचारते : रिकामा आहेस काय? असल्यास खाणीवर जा. तात्पर्य, घंटेचा मार्ग शहाणपणाचा खरा, परंतु गस्त पुरती मोडीत काढणारा सेनापती फसतो. ज्या गोष्टीची घंटा नाही, तिच्यासाठी अधूनमधून स्वतः फेरी मारायलाच हवी.

त्याच नमुन्यात आणखी एक सूक्ष्म शहाणपण आहे. दिलेली आज्ञा अमलात यायला काही फ्रेम लागतात. तेवढ्यात पुन्हा पाहिले, तर जुनीच स्थिती दिसते आणि सेनापती तीच आज्ञा दुसऱ्यांदा देतो. म्हणून तो नमुना दर फ्रेमला हुकूम सोडीत नाही. फौजेला पुरवठा कमी पडतो असे दिसले, की पुरवठ्याची सोय करायला सांगतो, आणि पुढच्या ४०० फ्रेम, म्हणजे सुमारे १७ सेकंद, त्या तक्रारीकडे पुन्हा वळत नाही. एकदा सांगितल्यावर माणसाला काम करायला अवधी द्यावा, हे कित्येक वडीलधाऱ्यांना आणि साहेबांनाही उमगत नाही. यंत्राला मात्र ते आकड्यात लिहून द्यावे लागते.

चौथी गोष्ट न्यायाची आहे. सर्व खुंट्या एका जातीच्या नसतात. काही नुसत्या कळवतात. काही विचारतात. ‘स्प्रिंग’मध्ये खेळाचे नियम लिहिणाऱ्यासाठी अशा खुंट्या आहेत, की ही आज्ञा होऊ द्यावी काय, असे खेळ विचारतो आणि ‘नाही’ म्हटले तर ती आज्ञा होतच नाही. घाव बसण्यापूर्वी विचारणारीही एक खुंटी आहे. तिच्यावर बसलेला लेखक घावाचा आकडाच बदलू शकतो. पहिली जात वार्ताहराची, दुसरी न्यायाधीशाची. लढणाऱ्या सेनापतीच्या हाती वार्ताहराच्या खुंट्या असाव्यात. न्यायाधीशाच्या खुंट्या त्याच्या हाती गेल्या, तर तो हरणार कसा? त्याचप्रमाणे बीडब्ल्यूएपीआयमध्ये धुके दूर करून सारा नकाशा दाखवणारी कळ आहे, पण ती मुळात बंद असते. ती बंद ठेवून, माणसाला जेवढे दिसते तेवढ्यावरच जिंकणे, यालाच त्या क्षेत्रात जिंकणे म्हणतात.

या चारही गोष्टींची परीक्षा पाहणारा एक प्रसंग सांगतो. २४ जानेवारी २०१९ रोजी ‘डीपमाइंड’ या कंपनीने ‘स्टारक्राफ्ट’च्या दुसऱ्या भागात खेळणारा ‘अल्फास्टार’ हा यंत्रसेनापती जगापुढे आणला. त्याची रीत वेगळी. खुंट्यांवर कोणी सूचना टांगलेल्या नव्हत्या. असंख्य डावांतून तो शिकला होता. दोन व्यावसायिक खेळाडूंविरुद्धचे दहाही डाव त्याने आधीच जिंकले होते. त्या डावांत आपल्या शिपायांना दिसणारा सारा मुलूख त्याला एकाच वेळी न्याहाळता येत होता. माणसाप्रमाणे एकेका भागावर नजर फिरवावी लागत नव्हती. मग त्याच दिवशी प्रेक्षकांसमोर अकरावा डाव झाला. त्यात नजर फिरवण्याचे बंधन असलेली, केवळ सात दिवसांची तालीम झालेली आवृत्ती उतरली होती. समोर होता ‘माना’ या नावाने खेळणारा पोलंडचा ग्झेगोश कोमिंच.

मानाने वाहक विमानातून मोजके शिपाई यंत्राच्या तळावर उतरवले. आघाडीवर निघालेली यंत्राची मोठी फौज माघारी वळली. ती पोचताच विमानाने शिपायांना उचलले. फौज पुन्हा निघाली, विमान पुन्हा हजर. फौज पुन्हा माघारी. गनिमी काव्याच्या कथा ऐकत वाढलेल्या आपल्यासारख्यांना हा डाव ओळखीचा वाटेल. तेवढ्या अवधीत मानाने आपले सैन्य उभे केले आणि डाव जिंकला. केवळ नजरेच्या बंधनामुळे यंत्र हरले असे म्हणणे धाडसाचे होईल, कारण तालीमही अपुरी होती. पण हरण्याची रीत पाहण्यासारखी आहे. यंत्राला वार्ता कळत नव्हती असे नाही. प्रत्येक वार्तेला ते सारखाच मान देत होते. चार शिपायांच्या खोडीला साऱ्या फौजेने उत्तर द्यायचे नसते, तेथे दोन पहारेकरी ठेवून पुढे जायचे असते, हा विवेक त्या दिवशी त्याच्यापाशी नव्हता. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये, नजरेचे बंधन पाळूनच, त्याची सुधारलेली आवृत्ती ९९.८ टक्के खेळाडूंच्या वर पोचली, हेही येथे सांगितले पाहिजे.

श्रोतेहो, आता खेळाच्या बाहेर येऊ. रुग्णालयात पैसे भरायला उभ्या असलेल्या माणसाचे कार्ड यंत्राने अडवले, तर आपण म्हणतो, यंत्राला काही कळत नाही. आणि कार्ड चोरणारा पकडला गेला, तर म्हणतो, यंत्राला सारे कळते. दोन्ही म्हणणी चूक. यंत्राला मोठी रक्कम निघाल्याची घंटा ऐकू येते. आई आजारी आहे, या गोष्टीची खुंटी भिंतीत नाही. ज्याने ती भिंत बांधली त्याने कोणत्या खुंट्या ठोकल्या, कोणत्या ठोकल्या नाहीत, आणि वार्ता येताच हात उगारण्याचा अधिकार यंत्राला दिला की केवळ कळवण्याचा, हे विचारण्याचा हक्क आपला आहे. तो प्रश्न विचारायला संगणकशास्त्राची पदवी लागत नाही. ज्याला रखवालदार आणि घंटा यांतला फरक कळला, त्याला तो विचारता येतो.

आणि सभेत जी तरुण मुले बसली आहेत, त्यांना एक विनंती. तुम्ही नुसते खेळू नका. एकदा आपला यंत्रसेनापती स्वतः लिहून पाहा. ही साधने फुकट मिळतात. पहिल्या दिवशी तलवार चालवायला शिकवू नका. आधी एक कागद घ्या आणि दोन यादी करा : मला काय काय ऐकू येईल, आणि काय कधीच ऐकू येणार नाही. दुसरी यादी करताना जास्त वेळ लागेल. तो लागू द्या. तुमचा सेनापती पहिले दहा डाव हरेल, परंतु प्रत्येक वेळी त्याच दुसऱ्या यादीत एक ओळ वाढेल, आणि अकराव्या डावाला तो कोठे गस्त घालायची हे शिकलेला असेल.